मतदारांनी दिलेला हक्क कोर्ट बदललं की जातो का? ओहायोतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बेळगावच्या. मुलगी ओहायोत कोलंबसला, पहिलंच बाळंतपण, अकरावा आठवडा चालू. जावयांची दोन महिन्यांत टेक्सासला, डॅलसला बदली. तुम्ही विचारलंय की ओहायोच्या लोकांनी मतदान करून गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला, मग वर्षभरात त्याच लोकांनी त्याच्या विरोधातल्या पक्षाला कसं निवडून दिलं? आणि न्यायाधीश बदलले की तो हक्क पुन्हा जाणार का? शेवटी लिहिलंय, "आमच्या गावच्या सविताचं झालं तेव्हापासून धास्ती बसलीय. परमुलखात मुलीला काही झालं तर डॉक्टर हात लावतील ना?"

तुमचा खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. राजकारणाचं उत्तर देते, पण त्या प्रश्नाच्या वाटेनंच.

मी मिरजेला शिकले. इथे येऊन रेसिडेन्सी पुन्हा केली आणि गेली चोवीस वर्षं ओहायोत बाळंतपणं करते आहे. मी वकील नाही. हा निर्णय बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा असावा असं माझं मत आहे, ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी बाजू माहीत असेल. माझ्याच विभागात याच्या अगदी उलट मताचे, अतिशय चांगले डॉक्टर आहेत आणि रात्रीच्या पाळीला मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकते. शिवाय इथे सरसकट असं काही सांगता येत नाही. राज्य कोणतं, आठवडा कितवा, रुग्णालय कोणतं, यावर उत्तर बदलतं.

सविता हलप्पनवारपासून सुरू करते, कारण कायदा आणि डॉक्टरचा हात यांचं नातं तिच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. एकतीस वर्षांची, स्वतः दाताची डॉक्टर. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत सतराव्या आठवड्यात रुग्णालयात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिनं पिशवी मोकळी करायला सांगितलं. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली.

आयर्लंडच्या मतदारांनी १९८३ मध्ये सुमारे ६७ टक्के मतांनी गर्भाच्या जीविताचा हक्क आईच्या हक्काइतकाच मानणारी घटनादुरुस्ती केली होती. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात करता येईल. म्हणजे सविता दाखल झाली तेव्हा तो निकाल वीस वर्षांचा जुना होता. पण संसदेनं त्यावर कायदाच केला नव्हता. धोका म्हणजे किती धोका, तो कुणी ठरवायचा, कधी ठरवायचा, काहीच लिहिलेलं नाही. अशा वेळी डॉक्टर वाट बघतो. कायदा तिच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये झाला आणि २५ मे २०१८ ला त्याच देशानं ६६.४ टक्के मतांनी ती दुरुस्ती काढून टाकली. पस्तीस वर्षांपूर्वी जवळपास तेवढ्याच मतांनी ती घातली होती.

आता अमेरिका. इथे १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' या निकालानं गर्भपाताचा हक्क देशभर मान्य झाला. संसदेचा कायदा नव्हता, फक्त न्यायालयाचा निकाल, आणि तोच या हक्काचा कच्चा दुवा ठरला. निकाल न आवडणाऱ्यांनी पन्नास वर्षं चिकाटीनं एकच काम केलं: निकाल देणारी माणसं बदलायची. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, मंजूर करतं आणि ते तहहयात बसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी सुचवलेल्या नावाची सिनेटनं सुनावणीसुद्धा घेतली नाही, निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून. मग ट्रम्प आले आणि चार वर्षांत तीन न्यायाधीश नेमले. त्यातली तिसरी नेमणूक ऑक्टोबर २०२० मध्ये, निवडणूक आठवड्यावर आलेली असताना झाली. २४ जून २०२२ ला मिसिसिपीच्या पंधरा आठवड्यांच्या बंदीच्या खटल्यात, ज्याला 'डॉब्स' म्हणतात, पाच विरुद्ध चार मतांनी 'रो' रद्द झाला. त्या एकोणपन्नास वर्षांत घटनेचं त्याबद्दलचं एक अक्षर बदललं नव्हतं, बदलली होती ती वाचणारी माणसं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हो, न्यायाधीश बदलले की हक्क जाऊ शकतो. पण ओहायोची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती सविस्तर सांगते, कारण त्या काळात मी रोज ओपीडीत होते.

ओहायोनं २०१९ मध्येच 'हार्टबीट कायदा' केला होता. सोनोग्राफीत ठोके दिसले की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद. फेडरल कोर्टानं त्याला स्थगिती दिली होती. २४ जून २०२२ ला, शुक्रवारी, सकाळी डॉब्सचा निकाल आला आणि संध्याकाळी स्थगिती उठली. दुसऱ्या आठवड्यासाठी वेळ दिलेल्या पेशंटना फोन कुणी करायचे, यावर आमच्या रिसेप्शनच्या बायका रडत होत्या. पुढे सप्टेंबरच्या मध्यावर सिनसिनाटीच्या न्यायालयानं राज्याच्या घटनेच्या आधारे कायदा थांबवला. मधले ब्याऐंशी दिवस तो लागू होता.

त्यातली एक रात्र सांगते. अठराव्या आठवड्यातली मुलगी, पाणी गेलेलं. सोनोग्राफीत गर्भाभोवती पाणी जवळजवळ नाही, ठोके १५०. या टप्प्यावर बाळ बहुतेक वाचत नाही आणि पिशवी मोकळी केली नाही तर आईला संसर्ग होण्याचा धोका तासागणिक वाढतो, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. ओहायोच्या कायद्यात अपवादांच्या व्याख्येत 'वेळेआधी पाण्याची पिशवी फुटणे' असे स्पष्ट शब्द होते. मी तो परिच्छेद रुग्णालयाच्या वकिलांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "आत्ता या क्षणी तिच्या जिवाला धोका आहे का?" मी म्हटलं, "काही तासांनी असेल." त्यांनी सांगितलं, "मग काही तासांनी फोन करा." नर्स दर अर्ध्या तासानं थर्मामीटर लावत होती. ९९, ९९.४, ९९.८. त्या मुलीचा नवरा ते आकडे हातातल्या पावतीच्या मागे लिहून ठेवत होता. पहाटे चारला १००.८ झाला, हातपाय थरथरायला लागले, तेव्हा परवानगी मिळाली. ती वाचली. दोन दिवस आयसीयूत होती. सविताचं नाव त्या रात्री माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

ज्यांच्या बाबतीत अपवादाचे शब्दही नव्हते त्यांचं काय झालं ते तुम्ही कल्पू शकता. विसाव्या आठवड्यात बाळाची कवटीच तयार झालेली नाही असं दिसलेल्या एका बाईला आम्ही मिशिगनला पाठवलं. गाडीनं तीन तास. त्याच जुलैत ओहायोतल्या एका दहा वर्षांच्या बलात्कारित मुलीला इंडियानात न्यावं लागल्याची बातमी देशभर गाजली. आधी राजकारण्यांनी ती खोटी आहे म्हणून उडवून लावली, मग आरोपीला अटक झाली.

आपल्या मराठीत एक सोय आहे ती इथे उपयोगी पडते. आपण 'गर्भपात झाला' म्हणतो आणि 'गर्भपात केला' म्हणतो. शब्द एकच, क्रियापद वेगळं. वैद्यकातही तसंच आहे: आपोआप अर्धवट झालेला गर्भपात पूर्ण करायला आणि मागून केलेला गर्भपात करायला गोळ्या त्याच, पिशवी साफ करायची पद्धत तीच. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे कायदे करणाऱ्यांना वाटलं की एकावर बंदी घातली तरी दुसऱ्याला धक्का लागणार नाही. मूल हवं असलेल्या बायकांनाही या बंदीची झळ लागली ती इथून. आणि माझ्या मते मतदारांची प्रतिक्रिया इतकी जोरदार आली तीही इथूनच. प्रत्येक घरात कुणाचा तरी गर्भपात झालेला असतोच.

पहिला धक्का कॅन्ससनं दिला. हे पक्कं रिपब्लिकन राज्य, म्हणजे ट्रम्प यांच्या, गर्भपाताच्या विरोधातल्या पक्षाचं. डॉब्सनंतर सहा आठवड्यांत, २ ऑगस्ट २०२२ ला, राज्याच्या घटनेत गर्भपाताला संरक्षण नाही असं लिहायचा प्रस्ताव तिथे मतदानाला आला आणि ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी पडला. नोव्हेंबरमध्ये केंटकीनंही तसाच प्रस्ताव नाकारला आणि मिशिगननं हक्क घटनेत लिहून घेतला.

ओहायोत आमच्यासमोर एक अडथळा मुद्दाम उभा केला गेला. इथे नागरिक सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतदानाला आणू शकतात आणि निम्म्याहून एक मत जास्त मिळालं की ती मंजूर होते. गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती येणार हे दिसताच विधिमंडळानं ऑगस्ट २०२३ मध्ये खास निवडणूक ठेवली: यापुढे साठ टक्के मतं लागतील. ऑगस्टमधल्या अशा निवडणुका, लोक मतदानाला येत नाहीत म्हणून, त्याच विधिमंडळानं काही महिन्यांपूर्वी बहुतांशी बंद केल्या होत्या. लोकांना डाव कळला. ५७ टक्क्यांनी प्रस्ताव फेटाळला.

सह्यांच्या वेळी मी स्वतः उभी होते. ४ लाख १३ हजारांहून थोड्या जास्त सह्या लागत होत्या, जमल्या ७ लाखांहून अधिक. आमच्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात हॉलबाहेर टेबल मांडून बसले होते. बऱ्याच जणांनी नजर चुकवली, आपल्याकडे हा विषय चारचौघांत काढत नाहीत. पण सत्तरीचे एक गृहस्थ आले. इथे चाळीस वर्षं राहिलेले, कराच्या मुद्द्यावर कायम रिपब्लिकन पक्षाला मत देणारे, हे सगळ्यांना माहीत. अर्ज पूर्ण वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि सही केली. मला म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही हं. नोव्हेंबरात मी माझ्याच पक्षाला देणार. पण हे पोरींचं आहे, हे सरकारकडे नको."

तुमचा पहिला प्रश्न, हेच लोक उलट्या पक्षाला कसे निवडून देतात, त्याचं उत्तर मला त्या टेबलापाशी मिळालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुरुस्ती जवळपास ५७ टक्क्यांनी मंजूर झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ओहायो अकरा टक्क्यांच्या फरकानं जिंकलं. मिसुरीत तर एकाच दिवशी, एकाच कागदावर, लोकांनी गर्भपाताच्या हक्काला ५१ टक्क्यांहून जास्त मतं दिली आणि ट्रम्पना सुमारे अठरा टक्क्यांची आघाडी. थेट प्रश्न विचारला की लोक त्या प्रश्नाचं उत्तर देतात. उमेदवार निवडताना महागाई, सीमा, बंदुका, जात-धर्म, सगळं एका टोपलीत येतं. आणि हक्क घटनेत सुरक्षित झाला असं वाटलं की पक्ष निवडताना त्याची काळजी करायचं कारण उरत नाही. ट्रम्प यांनीही २०२४ च्या एप्रिलमध्ये 'राज्यांनी ठरवावं' अशी भूमिका घेऊन हा काटा काढून ठेवला होता. ज्या बायकांनी हक्कासाठी मत दिलं त्यातल्या अनेकींना दोन्ही मतांत विसंगती वाटत नाही. मला वाटते, पण ते माझं मत.

आता गंमत नसलेला भाग. मतदान झालं म्हणजे संपलं असं नाही. फ्लोरिडात ५७ टक्के मतं मिळूनही दुरुस्ती पडली, कारण तिथे साठ लागतात. म्हणजे ओहायोइतकीच मतं, निकाल उलट, आणि सहा आठवड्यांची बंदी कायम. मिसुरीत दुरुस्ती मंजूर होऊनही न्यायालयांच्या आदेशांप्रमाणे २०२५ मध्ये दवाखाने सुरू झाले, बंद झाले, पुन्हा सुरू झाले, आणि विधिमंडळानं तीच दुरुस्ती उलटवायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर टाकला. टेक्सास, जॉर्जिया, टेनेसी या राज्यांत तर सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतदानाला आणायची सोयच नाही. डॉब्सनंतर तिथल्या बायकांना हा प्रश्न कुणी थेट विचारलेलाच नाही. तुमची मुलगी जिथे जातेय ते राज्य यांतलं आहे.

न्यायाधीश बदलल्यानं काय होतं याचं मला सगळ्यात उघड वाटणारं उदाहरण साउथ कॅरोलायनाचं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी सहा आठवड्यांची बंदी राज्यघटनेविरुद्ध ठरवली. मुख्य निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती वयोमर्यादेमुळे निवृत्त झाल्या. त्या न्यायालयातल्या त्या एकमेव स्त्री होत्या. विधिमंडळानं त्यांच्या जागी पुरुष न्यायाधीश निवडला आणि जवळपास तसाच कायदा पुन्हा केला. ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी तो वैध ठरवला. सात महिन्यांत. घटना तीच.

उलट बाजूनंही हेच होतं. विस्कॉन्सिनमध्ये न्यायाधीश लोकांनी निवडायचे असतात. तिथे डॉब्सनंतर १८४९ चा जुना कायदा उकरून काढला गेला होता. एप्रिल २०२३ मध्ये हक्काच्या बाजूनं उघड बोलणाऱ्या उमेदवार अकरा टक्क्यांनी निवडून आल्या, न्यायालयाचं पारडं फिरलं आणि जुलै २०२५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी तो जुना कायदा लागू नाही असा निकाल आला. माझ्या मनासारखा निकाल आहे. तरीही न्यायाधीशाच्या निवडणुकीत आमदारकीसारखे कोट्यवधी डॉलर ओतले जातात हे बघून मला बरं वाटत नाही. आज आपल्या बाजूनं फिरलेलं पारडं दहा वर्षांनी दुसऱ्या बाजूला फिरेल.

ओहायोतही न्यायाधीश निवडूनच येतात. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्षाचं नाव नसायचं. २०२१ मध्ये विधिमंडळानं ते घालायचा कायदा केला. २०२४ मध्ये तिन्ही जागा रिपब्लिकन उमेदवारांना गेल्या आणि सातपैकी सहा न्यायाधीश त्या पक्षाचे झाले.

मग ओहायोचा हक्क जाईल का? माझा अंदाज, नाही, निदान मूळ हक्क नाही. 'रो'चा हक्क घटनेच्या सामान्य शब्दांचा अर्थ लावून काढलेला होता, त्यामुळे नव्या न्यायाधीशांना तो अर्थ चुकीचा होता म्हणता आलं. ओहायोच्या दुरुस्तीत गर्भनिरोधन, वंध्यत्वावरचे उपचार, गरोदरपण चालू ठेवणं, आपोआप झालेल्या गर्भपातावरचे उपचार आणि गर्भपात, हे पाचही शब्द लिहिलेले आहेत. बाळ पोटाबाहेर जगू शकेल अशा अवस्थेनंतर राज्य बंदी घालू शकतं, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरला आईच्या जिवासाठी किंवा आरोग्यासाठी आवश्यक वाटलं तर तेव्हाही नाही. लिहिलेला शब्द खोडायला पुन्हा मतदानच लागेल. भांडणं कडेच्या गोष्टींवर होतील: चोवीस तास थांबायची अट, अल्पवयीन मुलींना पालकांची संमती, पैसे कुणी द्यायचे. चोवीस तासांची अट २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं तात्पुरती रोखली, ऑक्टोबरमध्ये हार्टबीट कायदाही घटनाबाह्य ठरवला. अशा गोष्टी वरच्या न्यायालयात गेल्या की सहा-एकच्या बाकावर काय होईल, यावर मी पैज लावणार नाही.

पण माझ्या कामात आज फरक पडलाय. दुरुस्तीनंतर मी मध्यरात्री वकिलांना फोन केलेला नाही. "आवश्यक आहे का" हे ठरवणारी व्यक्ती म्हणून दुरुस्तीत उपचार करणाऱ्या डॉक्टरचा उल्लेख आहे, त्या एका शब्दप्रयोगामुळे.

आता डॅलस. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण गोड करूनही सांगत नाही. टेक्सासमध्ये गर्भपाताला गर्भधारणेपासूनच बंदी आहे. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान एक लाख डॉलर दंड आणि परवाना रद्द. आईच्या जिवाला किंवा शरीराच्या एखाद्या मुख्य कार्याला गंभीर धोका असेल तर अपवाद आहे. गर्भाच्या व्यंगासाठी अपवाद नाही. मे २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, ज्यातले नऊच्या नऊ न्यायाधीश रिपब्लिकन आहेत, हा अपवाद रुंद करायला एकमतानं नकार दिला.

दुसरी बाजूही तितकीच खरी. गर्भनलिकेतला गर्भ काढणं आणि पोटात मृत झालेला गर्भ काढणं कायद्याच्या व्याख्येनुसार गर्भपात नाहीच. २०२३ मध्ये वेळेआधी पाणी गेलेल्या पेशंटवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बचावाची तरतूद मिळाली. आणि २०२५ मध्ये, बायका दगावल्याच्या बातम्यांनंतर, टेक्सासच्याच विधिमंडळानं दोन्ही पक्षांच्या पाठिंब्यानं खुलासा केला की धोका अगदी उंबरठ्यावर येईपर्यंत थांबायची गरज नाही. हीसुद्धा राजकीय प्रतिक्रियाच, बंदी घालणाऱ्यांनीच दिलेली. कायदा गरोदर बाईला गुन्हेगार धरत नाही, हे व्हिसावर असलेल्या मुलींना मी मुद्दाम सांगते, त्या उगाच गप्प बसतात. बहुतेक बाळंतपणं डॅलसमध्येही नीट होतात, तिथली मोठी रुग्णालयं उत्तम आहेत. अडचण येते ती शंभरातल्या त्या थोड्या रात्रींना, आणि त्या रात्री रुग्णालयाचे वकील किती घाबरट आहेत यावर बरंच अवलंबून असतं.

म्हणून मी माझ्या मुलीला जे सांगितलं असतं ते तुमच्या मुलीला सांगा. रक्ताची जनुकीय तपासणी दहाव्या आठवड्यानंतर होते, ती आत्ताच करून घ्यावी. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी अठराव्या आठवड्यात कोलंबसलाच करावी, बदलीच्या आधी. काही निघालं तर निर्णयाला वेळ आणि जागा दोन्ही मिळेल. ती सोनोग्राफी डॅलसला जाऊन बाविसाव्या आठवड्यात करू नये. जावयांना कंपनीकडे तारीख पुढे सरकवून मागायला सांगा, महिनाभर थांबणं बहुतेक जमतं.

डॅलसच्या डॉक्टरच्या पहिल्याच भेटीत सरळ विचारावं: "विसाव्या आठवड्याआधी पाणी गेलं तर तुम्ही काय कराल? निर्णय कोण घेतं, तुम्ही की समिती?" यात उद्धटपणा नाही. मी त्या जागी असते तर मला असा पेशंट आवडला असता. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा डॉक्टर बघावा. विम्याची कागदपत्रं काढून राज्याबाहेरचे उपचार चालतात का ते पाहावं. जवळचं राज्य कॅन्सस, डॅलसहून विचिटा गाडीनं साडेपाच-सहा तास, तिथे बाविसाव्या आठवड्यापर्यंत परवानगी आहे. हा रस्ता लागेल असं नाही, पण माहीत असावा. आणि ताप, दुर्गंधी येणारं पाणी, पाचव्या महिन्यात अंगावरून जाणं, यातलं काहीही झालं तर घरी बसून राहू नये. इमर्जन्सीत गेल्यावर दर वेळी ताप आणि वेळ लिहून ठेवायला जावयांना सांगा. त्या रात्री त्या नवऱ्याच्या पावतीवरचे आकडे मी वकिलांना वाचून दाखवले होते, त्याचा उपयोग झाला.

आपल्याकडे असं होईल का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. थोडक्यात सांगते. भारतातला हक्क संसदेच्या कायद्यातून आलाय, न्यायालयाच्या एका निकालातून नाही. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीनं १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला, २०२१ मध्ये ठरावीक गटांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, डॉब्सनंतर तीन महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बायकांनाही तो लाभ दिला. तेव्हा सगळीकडे 'भारत पुढे, अमेरिका मागे' असं छापून आलं. पण आपला कायदा बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला परवानगी देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयानं आधी परवानगी दिली, मग दोन न्यायाधीशांत मतभेद झाला, मग तीन न्यायाधीशांनी नकार दिला. आठ दिवसांत तीन उत्तरं. बाक बदलला की उत्तर बदलतं हे आपल्याकडेही आहे, फक्त मर्यादेच्या कडेला.

मुलीची अठराव्या आठवड्याची तारीख ठरली की मला कळवा. रिपोर्टमधला एखादा शब्द कळला नाही तर तो जसाच्या तसा लिहून पाठवा, मी मराठीत समजावून सांगेन. आणि तुम्ही बाळंतपणाला येणार असाल तर सातव्या महिन्याच्या आधी तिकीट काढा. पहिल्या बाळंतपणात वेळेआधी कळा सुरू झाल्या तर तिच्याजवळ आपलं माणूस हवं.